मागून येणारी चाकं

ट्रान्सपोर्ट नगरात सकाळी साडेनवाला
कुशवाह टायरवाल्याचं शटर अर्धंच वर असतं.
मी वाकून आत जाते. हिशेबाचं पान घरूनच आणलंय:
वीस पेट्या, भरलेल्या, अठ्ठावीस किलोंनी पाचशे साठ.
ट्रेलर रिकामा, गोले का मंदिरच्या काट्यावर तोललेला, दोनशे चाळीस.
एकूण आठशे. चाकं दोन.
दोर, ताडपत्री, धुराडं, भगीरथचा डबा
मी धरलेला नाही. रस्ता धरतो.

"बहनजी, मारुति से उतरे हैं, मक्खन हैं मक्खन."
खरंच मक्खन. काळं पॉलिश, नक्षी शाबूत.
मी चष्मा लावते, कडेवरची अक्षरं बोट ठेवून वाचते,
आत्या पंचांग वाचायची तशी.
पंचाहत्तर. म्हणजे तीनशे सत्त्याऐंशी किलो.
एकेका बाजूला तेरा किलो कमी पडतात.
"तेरा किलो क्या होता है? रबर है, झेल लेगा."

झेल लेगा.
मागच्या पौषात जौऱ्याच्या रस्त्यावर
असंच एक झेलत होतं. रात्रीचे दोन.
दोन्ही अंगांना मोहरी फुललेली, दिसत नव्हती, नुसता वास.
आवाज झाला तेव्हा आधी वाटलं बंदूक.
चंबळकडे आधी तेच वाटतं.
मग ट्रेलर डावीकडे बसला, दमलेल्या म्हशीसारखा,
आणि चार पेट्या डांबरावर.

थंडीत मधमाशी उडत नाही, चालते.
हेडलाइटच्या पट्ट्यात त्या चालत होत्या.
भगीरथ म्हणाला, दिवा बंद करू?
मी म्हटलं, मग दिसायच्या कशा.
आधी पिसानं, मग वहीच्या पुठ्ठ्यानं, मग हातांनीच
उचलत राहिलो उजाडेपर्यंत.
चावल्या त्या मोजल्या नाहीत.
उरल्या त्या मोजता आल्या असत्या.

जीपच्या चाकाला ओढायचं असतं, वळायचं असतं.
ट्रेलरच्या चाकाला यातलं काही नाही.
पुढचा नेईल तिकडे मागून जायचं
आणि ओझ्याखाली डुलायचं नाही.
म्हणून कूस जाड हवी. मी अंगठ्यानं दाबून बघते.
"तरबूज ले रही हैं क्या?" कुशवाह हसतो,
पण आतून दुसरी जोडी काढतो, माल वाहायची.
ऐंशी. साडेचारशे किलो. बरोबर.
"एकदम नया. कागज भी नहीं उतरा."

कागदाखाली बारीक चौकट, चार आकडे: तेवीस एकोणीस.
एकोणीस सालचा तेविसावा आठवडा.
जून. तेव्हा पेट्या दादा न्यायचा.
मी मुरारच्या शाळेत भूगोल शिकवायचे,
वाऱ्यांच्या दिशा, पिकांचे पट्टे,
आणि त्याच्या शर्टाला धुराचा वास येतो म्हणून
त्याला फाटकाबाहेर उभं करायचे.
टायर नुसतं पडून पडूनही म्हातारं होतं.
खोबणीत नख घातलं, बारीक भेगा.
"दूसरा दिखाओ."

तिसरी जोडी माळ्यावरून येते, शिव्यांसकट.
छत्तीस पंचवीस. ऐंशी. कूस घट्ट.
चौतीसशेचं एक; घासाघीस करून दोनशे सुटतात,
नवे वॉल्व्ह त्यात.
हवा तो मुठीनं ठोकून सांगतो.
मी पिशवीतून माझं मीटर काढते,
तेव्हा तो पहिल्यांदा "मॅडम" म्हणतो.
"और स्टेपनी?"
सरसोंनंतर, मी म्हणते. मध विकला की.
तो वहीत लिहून ठेवतो, मलाच बरं वाटावं म्हणून.

रात्री नूराबादला चहाला थांबतो.
धुकं इतकं, की ट्रेलर आहे हे हात लावूनच कळतं.
आधी डावं चाक, मग उजवं, पालथ्या हातानं,
तापातल्या मुलाचं कपाळ बघावं तसं.
मग एका पेटीला कान.
आत सगळ्या जाग्या आहेत, कुरकुरताहेत.
"गरम है क्या?" भगीरथ ग्लासातूनच विचारतो.
कोमट, मी म्हणते.
चल. चाळीसच्या वर नको नेऊस.